मंगळवारची चिल्लर

डबे उघडायचा वार मंगळवार.
मुलांच्या इस्पितळाच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
टेबलावर मेणकापड अंथरून आम्ही चौघं बसतो :
मी, मोराग, बँकेतला इनिस,
आणि कानांनी अधू झालेला टॅव्हिश चांभार,
ज्याला खोटं नाणं बोटांनीच कळतं.

बाहेर ॲबर्डीनचं धुकं,
समुद्रावरून आलेलं, करड्या दगडांना चिकटून बसलेलं.

झाकण निघायच्या आधीच मी सांगते डबा कुठला.
मासे तळणाऱ्याचा व्हिनेगरनं ओशट.
न्हाव्याकडच्यात केस.
बंदराच्या तिकीटखिडकीवरची नाणी गार,
खोलीत कितीही वेळ ठेवा, गारच.
तीस वर्षं मी हेरिंग चिरले.
माझ्या बोटांना थंडी वाचता येते.

पाचाच्या चवडी, दहाच्या चवडी,
इनिस ओळंब्यात लावतो.
निवृत्त झाला, सुटला नाही.
त्याच्या वहीत बटणांनाही रकाना आहे : इतर.
नॉर्वेचं भोकाचं नाणं, सायकलची चावी,
एकदा लग्नाची अंगठी, जी
अजून कपाटात आहे, पावतीसकट.

लोक म्हणतात, एवढ्या खुर्द्यात काय होतं?
यंत्रं सरकार आणतं. औषधं सरकार देतं.
आम्ही खाटा आणतो.
घडीच्या. मुलाच्या पलंगाशेजारी उघडायच्या,
आईनं नाहीतर बापानं पाठ टेकायला.
गेल्या वर्षी अकरा झाल्या.
चाकांना रबर हवंच, म्हणून मी भांडले,
रात्री ओढताना कुणी दचकू नये.

एकाहत्तर साली भेटीची वेळ दोन ते चार.
चारला घंटा.
माझा यूअन काचेपलीकडे,
आणि मी मागच्या जिन्यात.
झाडूवाली इशबेल बादली नि फडकी आडवी लावून
मला झाकायची.
अशा सहा रात्री.
सातव्या रात्री म्हणाली, जा गं, घरी जा, अंघोळ करून ये.
चांगल्या मनानं म्हणाली.
मी गेले.

आज बेकरीच्या डब्यातून पिठूळ नाणी सांडली
आणि एक कागदाची पुडी.
आत दुधाचा दात.
वर पेन्सिलीनं, रेघ सोडून घरंगळलेलं अक्षर :
"परी एका दाताचा एक पौंड देते.
तुमच्या उशीखाली ठेवा, म्हणजे तो तुम्हाला मिळेल."

मोरागनं डोळ्यांना रुमाल लावला, तिचं लगेच होतं.
टॅव्हिशनं दात दिव्यापुढे धरला.
"किडका नाही," एवढं मोठ्यानं म्हणाला
की बॉयलरवाला डोकावून गेला.
इनिस रकाने चाळत राहिला. मागची पानं, पुढची पानं.
मी म्हटलं, लिही ना इतरमध्ये.
"तसं कसं? आधी उशीखाली जायला हवा," तो म्हणाला.
"अटच आहे तशी."

उशी आमच्याकडे कुठली?
आमच्या उशा सगळ्या चौथ्या मजल्यावर.

मी वर गेले.
खिडकीशी तिसरी खाट उघडलेली,
तिच्यावर तेलविहिरीवरून परस्पर आलेला कुणी बाप,
नारिंगी जाकीट, पायांत बूट तसेच,
एक हात पलंगाच्या कठड्यातून आत गेलेला
आणि आतल्या मुठीनं त्याचं एक बोट धरलेलं.
नर्सनं माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.
पुडी मी उशीच्या कडेनं आत सारली.
भिंतीवर चार वाजले.
काहीच वाजलं नाही.

खाली आले तेव्हा बेरीज झाली होती.
इनिस शाई वाळायची वाट बघत होता.
जमा : एकशे बारा पौंड, चाळीस पेन्स.
त्याच्याखाली, लहान अक्षरात,
येणे : एक पौंड.